काखेतला चेंडू

माझा घरमालक कुठलीही वस्तू नुसती ठेवत नसे, दाबून ठेवायचा. चहाचा ग्लास टेबलावर ठेवला की वरून तळवा टेकवून एकदा दाबणार, मगच हात काढणार. दुधाची पिशवी, वर्तमानपत्र, कोबीचा गड्डा, स्वतःच्या चपला, सगळ्यांना हाच न्याय. एका गणपतीत त्याने देवापुढे नारळ ठेवताना दोन्ही हातांनी असा काही दाबला की पाट करकरला आणि भटजी मंत्र विसरले. "ठेवलाय. बगितलाव ना तुमी?" त्याने भटजींना विचारलं. भटजींनी घाबरून मान हलवली. आपण ठेवलेलं कुणीतरी बघितलं पाहिजे, असा त्याचा हट्ट असायचा. घरात कुणी नसलं तर तो मांजराकडे बघून खात्री करून घ्यायचा.

मी त्या वेळी पोट धरून हसायचो. त्या दाबण्यामागे काय आहे ते कळलं तेव्हा हसू थांबलं. आणि त्यानंतर मी जे केलं, त्यामुळे आता त्याची आठवण आली की तोंडातला घास फिरतो. हे लिहितोय ते तो वाचणार नाही. इंग्रजी काय नि मराठी काय, वाचण्याशी त्याचं कधी जमलं नाही. पण मी तरी कुठेतरी एकदा कबूल करून टाकावं म्हणून बसलोय.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. वडील मार्केटात माथाडी. दोन खोल्यांत पाच माणसं, त्यात थोरल्या भावाचं लग्न ठरलं, आणि मला ऐरोलीच्या एका कंपनीत नुकतीच नोकरी लागलेली. म्हणून मी वेगळी खोली शोधत बोनकोड्याला आलो. कोपरखैरण्याच्या सेक्टरांनी चहूकडून कोंडलेलं जुनं गाव ते. जिथे पूर्वी कौलारू घर होतं तिथे चार मजले चढवलेले, खाली मालक आणि त्याची आई, वर आम्ही भाडेकरू. मालक माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. मी "तुम्ही, तुम्ही" करायला लागलो तर म्हणाला, "तुमी काय? मी काय तहसीलदार हाय? दादूस बोल." आगरी माणूस थोरल्या भावाला दादूस म्हणतो. तेव्हापासून तो माझाही दादूस.

पहिल्या भेटीत त्याने माझ्या नोकरीची चौकशी केली नाही. माझ्या पायांकडे बघितलं.

"पलतंस काय?"

"नाही."

"मंग झेलतंस तरी?"

"काय झेलायचं?"

त्याने मान हलवली, म्हणजे सगळं संपलंच. मग किल्ली द्यायला माझ्यासोबत जिना चढू लागला. मी पुढे होतो. मी हात मागे केला तर किल्ली देईना. मला ओलांडून चार पायऱ्या पुढे गेला आणि तिथून, माझ्याकडे पाठ करून, कमरेजवळून मागे किल्ली फेकली. ती माझ्या छातीवर आपटून खाली पडली. "नाय झेलत," तो स्वतःशीच म्हणाला.

पुढच्या माणसाला काही द्यायचं तर आधी त्याच्या पुढे जायचं आणि मग मागे द्यायचं, ही त्याची रीत. लाइटबिल असंच मिळायचं, प्रसाद असाच मिळायचा. मला वाटलं ही आगरी लोकांची काहीतरी पद्धत असणार. आपण परगावचे, मान ठेवावा. म्हणून मीही एकदा त्याच्या आईला रिकामा डबा परत करताना तिच्या पुढे गेलो आणि पाठमोरा होऊन मागे दिला. आय बघतच राहिली. "यो पन येरा झाला काय?" तिने गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं. येरा म्हणजे वेडा.

खरं कारण मला हळूहळू कळलं. दादूस इंग्लंडात पैसे घेऊन रग्बी खेळलेला माणूस होता. रग्बी लीग म्हणतात तो प्रकार, तेरा जणांचा. त्यात हाताने चेंडू पुढे देता येत नाही, फक्त मागे. आणि तो विंगर होता, डाव्या बाजूचा. म्हणजे मैदानाच्या अगदी कडेला, शेवटचा माणूस.

ती डावी बाजू त्याने कधी सोडली नाही. रस्त्याने जाताना गटाराच्या कठड्याला घासून चालायचा. लग्नात मांडव कितीही रिकामा असो, हा डाव्या रांगेतल्या शेवटच्या खुर्चीवर. आणि पांढऱ्या रेघेवर पाय म्हणून टाकायचा नाही, कारण त्यांच्या खेळात कडेच्या रेघेला पाय लागला की खेळाडू बाद धरतात. सिग्नलला रस्ता ओलांडायचा तर पांढऱ्या पट्ट्यांमधल्या काळ्या जागेत पाय टाकत, टुणटुण उड्या मारत जायचा. शंभर किलोच्या आसपासचा तो माणूस असा जाताना रिक्षावाले हॉर्न वाजवायचे विसरायचे.

तो रग्बीत पडला तोही फुकटच्या जेवणापायी. गावच्या संघातून तो कबड्डी खेळायचा, चढाईला. मुंबईत एका मैदानावर एका गोऱ्या प्रशिक्षकाचं शिबिर होतं. "जेवन फुकट हाय म्हनून गेलू," तो सांगायचा. "तथं बॉल हातान दिला आनि बोल्ले, पल. मना गावान पकरायला सात जन येत. तथं तं एका टायमाला एकच येत व्हता. त्यो काय पकरतंय मना?" प्रशिक्षक त्याला इंग्लंडच्या उत्तरेकडच्या कुठल्याशा लहान गावातल्या क्लबात घेऊन गेला. गावात बॅनर लागला. त्यावर दादूस तो लांबट चेंडू काखेत मारून उभा. सगळं बोनकोडे म्हणे, पोऱ्या पपई घेऊन इंग्लंडला चाललाय.

तिथला एक पूर्ण मोसम आणि वर थोडा, एवढीच त्याची कारकीर्द. त्या दिवसांबद्दल विचारलं की थंडीचं सांगायचा आणि वाट बघण्याचं सांगायचा.

"तुला वाटतं विंगर म्हंजे पलनारा. नाय. विंगर म्हंजे उभा रानारा. बारा जनांच्या हातून सुटला तं बॉल मना. ऐंशी मिनिटांत चार येला. बाकी टाइम बगत रायचा. पन बगत असताना तयार रायचा. तू जरा ढिला परलास आनि तवाच बॉल आला, तं काय?"

हे वाक्य त्याने मला शंभर वेळा ऐकवलं असेल. तेव्हा ते खेळाबद्दलचं वाटायचं.

गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ त्याने खडूने एक जाड रेघ मारून ठेवली होती. पुसट झाली की पुन्हा मारायचा. एका रविवारी मी कपडे वाळत घालत होतो, तेव्हा त्याने मला बोलावलं आणि शहाळं काखेत धरून त्या रेघेपाशी तो आडवा झाला. मला म्हणाला, "बस माज्या पायांवर." मी बसलो. दोघेजण पायाला लोंबकळलेत असं समजायचं होतं. मग त्याने तो प्रसंग सांगितला.

मोसमातला शेवटचा सामना. हरलो तर क्लब खालच्या गटात जाणार. शेवटची मिनिटं, दोन गुणांनी मागे, आणि अख्ख्या सामन्यात न आलेला चेंडू डावीकडे आला. दादूस सुटला. दोघांना हुलकावणी दिली, तिसऱ्याला हाताने लोटलं. शेवटची रेघ हातभर लांब असताना मागून दोघांनी पाय धरले आणि तो कोसळला. कोसळला तरी हात पोहोचत होता. चेंडू रेघेपलीकडे जमिनीला टेकवला की चार गुण. एवढंच करायचं होतं. लहान पोरालाही कळेल असं.

दादूसने हात लांब केला आणि रेघेला लावला. मोकळा हात. चेंडू दुसऱ्या काखेत तसाच होता.

कबड्डीत चढाई करणाऱ्याला सातांनी धरलं तरी त्याचं बोट मध्यरेषेला लागलं की तो सुटला. धरणारे सगळे बाद. वयाच्या सातव्या वर्षापासून तो हेच करत आलेला. "बोनकोड्यान मी हजार येला तसाच घरी आलूय," तो म्हणाला. "हात लागला का घरी." हात लागला म्हणून तो उठला. चेंडू तिथेच गवतावर सोडून, छाती काढून, आपल्या बाजूला चालू लागला. तेवढ्यात समोरच्या एकाने चेंडू उचलला आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत पळत गेला. लोक आधी गप्प होते, मग हसायला लागले. "लय हसले," दादूस म्हणाला. शहाळं अजून काखेतच होतं. मग त्याने ते दोन्ही हातांनी खडूच्या रेघेपलीकडे ठेवलं आणि दाबलं. "बगितलास ना?"

"बघितलं," मी म्हणालो. त्याच्या पायांवरून उठायचं मला सुचेना.

गावाने ही चूक कधी मानलीच नाही. "हात लागला व्हता ना? मंग?" म्हातारे विचारायचे. गोऱ्यांनी लबाडी केली, हे बोनकोड्याचं ठाम मत. आयही तेच म्हणायची. चूक झाली हे गावात एकट्या दादूसला ठाऊक होतं, आणि ती एकदाच, फक्त एकदाच, दुरुस्त करायची होती. लग्न नको, नाव नको, पुन्हा मोसमभर खेळायलाही नको. एका सामन्यात उतरायचं, चेंडू येईपर्यंत कडेला उभं राहायचं, आला की पळायचं आणि खाली ठेवायचा. दाबून.

आणि त्याला तशी आशाही होती. सामन्यानंतर क्लबचा मॅनेजर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला होता, घरी जा, आराम कर, आम्ही कळवू. दादूस घरी आला, आराम केला, आणि ते कळवायची वाट बघू लागला. गावकीतल्या माणसाने "बोलावतो" म्हटलं की बोलावतात, ही त्याची समजूत. मी ते वाक्य ऐकलं तेव्हाच मला त्याचा अर्थ कळला होता, कारण तसली वाक्यं लिहिण्याचा मला पगार मिळायचा.

ऐरोलीत आमचं काम म्हणजे परदेशातल्या गिऱ्हाइकांच्या तक्रारींना उत्तरं लिहिणं. पहिल्या आठवड्यातच शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावर 'नाही' लिहून त्यावर फुली मारली होती. नाही हा शब्द आपल्याकडे नाही. पैसे परत मिळणार नसतील तर लिहायचं, आपली विनंती विचाराधीन आहे. गिऱ्हाईक चिडलं की लिहायचं, आम्ही आपल्या भावना समजतो. मी त्यात तरबेज झालो. दोनदा बक्षीस मिळालं, एक कप आणि एक छत्री.

मला इंग्रजी येतं हे कळल्यावर दादूस बोंबील तळून घेऊन वर आला. क्लबला पत्र लिहायचं होतं. त्याचा स्वतःचा ईमेल नव्हता, म्हणून माझ्याच पत्त्यावरून मी झकास पत्र लिहिलं. वजन इतकं, रोजचा सराव इतका, बोलावलंत तर आठ दिवसांत हजर. पुढचे आठ दिवस तो रोज संध्याकाळी पायरीवर, अर्थात डाव्या टोकाला, बसलेला असायचा. मी दिसलो की भुवई उडवून विचारायचा, "आला काय?"

उत्तर आलं ते मी ऑफिसात वाचलं. लहान आणि सरळ होतं. संघात त्याच्यासाठी जागा नाही आणि पुढेही होणार नाही. हे आम्ही त्याला तेव्हाच सांगायला हवं होतं, त्याबद्दल माफी असावी. त्याचं पळणं इथल्या लोकांना अजून आठवतं. त्याला इकडे आणणारा प्रशिक्षक आता मुंबईत मुलामुलींना खेळ शिकवायचं केंद्र सुरू करतो आहे. सोबतीला त्याला एक माणूस हवा आहे आणि त्याने तुमच्या मित्राचंच नाव घेतलं आहे. पगार देणार आहेत. पंधरा दिवसांत होकार कळवावा.

संध्याकाळी तो पायरीवर होता. भुवई उडाली.

"आला काय?"

"आलं."

तो उभा राहिला. एवढा मोठा माणूस, पण उभं राहताना त्याने भिंतीचा आधार घेतला. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं, आणि माझ्या जिभेवर रोजचंच वाक्य आलं. "विचार चाललाय म्हणाले, दादूस. थांबायला सांगितलंय."

त्याने मला उचलूनच घेतलं. आयने रात्रीच्या जेवणात सुरमईचं डोकं माझ्या ताटात वाढलं.

मनात होतं, उद्या सांगू. पण प्रशिक्षकाचं सांगायचं तर आधी 'नाही' सांगावं लागणार, आणि ते सांगायला तोंड उघडत नव्हतं. परवा सांगू. रविवारी निवांत बसून सांगू. असे पंधरा दिवस गेले. सोळाव्या दिवशी मला सुटल्यासारखं वाटलं. आता सांगून उपयोगच नव्हता ना. हे लिहिताना लाज वाटते, पण तसं वाटलं होतं हे खरं आहे.

त्यानंतर बारा वर्षं तो थांबला.

रोज पहाटे गल्लीतल्या भंगारवाल्याच्या काट्यावर उभा राहून वजन करायचा. भंगारवाला लोखंडाचे तुकडे बाजूला सारून त्याला जागा करून द्यायचा. लग्नाच्या जेवणावळीत हा उकडलेली अंडी खिशातून काढून खायचा. पासपोर्टची मुदत संपली तेव्हा रांगेत उभा राहून नवा काढून आणला आणि कापराच्या वडीसोबत प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवला. दिवा गावची एक मुलगी सांगून आली. त्याला आवडली होती, मला माहीत आहे, कारण तिच्याबद्दल बोलताना तो गच्चीच्या मधोमध येऊन उभा राहिला होता. पण "सीझन होवदे" म्हणाला. सीझन कुठला व्हायला! मुलीकडच्यांनी दोन वर्षं वाट बघितली. सेक्टरातल्या एका शाळेने खेळाचा मास्तर म्हणून विचारलं तर म्हणाला, "मधीच बोलावलं तं? पोरांना अर्ध्यावर सोरून जाव काय?"

दर वर्षी नवं साल लागलं की तो बोंबील घेऊन वर यायचा. पत्र लिही. मी त्याच्यासमोर बसून लिहायचो, आणि स्वतःच्याच दुसऱ्या पत्त्यावर पाठवायचो. आठवड्याने उत्तर सांगायचो, "या वर्षी जमत नाही म्हणतात, पुढच्या वर्षी बघू." माझं लग्न झालं, मी ऐरोलीत फ्लॅट घेतला, तरी दर रविवारी बोनकोड्याला जायचो. बायको म्हणायची, काय तुमची माया! माया कसली, मी पहारा करत होतो. दुसरा कुणी इंग्रजी जाणणारा त्याला भेटू नये एवढंच माझ्या मनात असायचं.

आय आजारी पडली तेव्हा तिने मला एकट्याला बोलावलं. आयुष्यभर तिने पाटीत मासळी विकली होती, फसवून घेणाऱ्यांतली ती नव्हे. "माजा पोऱ्या परत आला पन जीव तथंच रायला," ती म्हणाली. "तू त्यांची चिठ्ठी वाचतंस ना? खरं सांग. बोलावनार हायेत काय?"

"विचार चाललाय त्यांचा, आये."

मासळीचा कल्ला उचलून आत बघावं तशी ती माझ्याकडे बघत राहिली. मग तोंड भिंतीकडे केलं. तिसऱ्या दिवशी गेली.

या सगळ्यात दादूसचा गुडघा झिजत होता. गच्चीवर रोज पळून, वळून, आडवं पडून तो पार कामातून गेला. आधी पट्टा आला, मग काठी आली. काठीसुद्धा तो भिंतीला टेकवून ठेवताना दाबायचा.

गुडघा त्याने शेवटी बदलून घेतला, हे मला त्या भंगारवाल्याकडून कळलं. तो मला ऐरोलीच्या बाजारात भेटला होता. वजनाला आता येत नाही म्हणाला. रस्त्याच्या मधून चालतो, पांढऱ्या पट्ट्यांवरून सरळ जातो, एकदम शहाणा झाला. भंगारवाल्याला हे चांगलं लक्षण वाटत होतं. मी भाजीची पिशवी तिथेच विसरून घरी आलो. बोनकोड्याला मी त्या रविवारनंतर गेलेलो नाही.

मी शेवटचा गेलो त्या रविवारी सकाळी, गुडघा बदलण्याआधी, दादूस गच्चीवर खुर्ची टाकून बसला होता. मांडीवर डॉक्टरचे कागद, हातात चहाचा ग्लास. मला बसायला सांगून म्हणाला, "डॉक्टर बोलतंय गुडगा बदला. आता नाय बदलला तं पाय सरल व्हनार नाय. पन लोखंडाचा टाकनार बोलतंय. मंग मी बोल्लू, थांबा. आधी क्लबला इचारतू. लोखंडाचा गुडगा त्यांना चालल का नाय? नाय बोल्ले तं मी हाच ठेवनार. तू लिव आत्ता."

सेहेचाळीस वर्षांचा माणूस. केस पिकलेले. मी मोबाइल काढला. पत्र लिहिल्यासारखं करणं मला अगदी सोपं होतं. त्याच्या पायाकडे बघितलं तर तो अर्धा दुमडलेला, वाळलेल्या फांदीसारखा पुढे आलेला. मग मी बारा वर्षांपूर्वीचं ते पत्र शोधलं आणि सगळं सांगितलं. आधी इंग्रजीत वाचलं, मग एकेका वाक्याचं मराठी केलं. या वेळी काहीही गाळलं नाही. पत्र कधी आलं होतं तेही सांगितलं.

त्याने मला ते पुन्हा वाचायला लावलं. मी पुन्हा वाचलं.

"माजं नाव घेतलंय म्हंजे, माजंच?"

"तुझंच."

"पोरींना पन शिकवनार व्हते?"

"हो."

"पंदरा दिस."

"हो, दादूस."

खाली गल्लीत कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं. ती चालू होऊन निघून जाईपर्यंत तो मांडीवरच्या कागदांच्या कडा जुळवत बसला. मला वाटलं आता मारेल. त्याने मारावं असं मला फार वाटत होतं.

"मना बरं वाटावा म्हनून केलंस ना?"

मी मान हलवली. डोळ्यांतलं पाणी मला आवरत नव्हतं, त्याचे डोळे कोरडे होते.

"म्हायत हाय," तो म्हणाला. "हात तं पुढं केलास तू. लय लांब केलास. पन बॉल काखेनच ठेवलास रं."

मग तो काठी धरून उठला. चहा तसाच होता. ग्लास त्याने कठड्यावर ठेवला, नुसता ठेवला, ठेवताना माझ्याकडे बघितलंही नाही. खडूची रेघ तुडवत तो जिन्यापर्यंत गेला आणि एक एक पायरी उतरू लागला. काठीचा आवाज तळमजल्यावर पोहोचेपर्यंत मी ऐकत उभा होतो. मग पुढे झालो, त्या ग्लासवर तळवा ठेवला आणि दाबला. बघायला कुणी नव्हतं.